शेवंडीच्या घराचं मॉडेल: प्रदर्शनाआधीची तयारी

बडोद्याहून समुद्र लांब. इथल्या बऱ्याच मुलांनी जिवंत शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, पाहिलेलीच नसते. म्हणून विज्ञान प्रदर्शनाला हा विषय घेतला असेल तर दुकानात धावण्याआधी घरातला पाट काढा आणि जमिनीला नाक लावून त्याच्याखाली बघा. मेक्सिकोत पुंता आयेन गावचे कोळी शेवंडींना लपायला समुद्रतळाशी जे ठेवतात आणि ज्याला 'कासिता' म्हणजे छोटं घर म्हणतात, ते असंच असतं: वर रुंद छप्पर, खाली दोन पट्ट्या आणि वीतभरही नसलेली अंधारी फट. फट बुटकीच हवी, मोठा शिकारी मासा आत शिरता कामा नये. मुलं हौसेनं उंच बंगला बांधतात, तिथेच सगळं फसतं.

तिथे पूर्वी ही घरं ताडासारख्या झाडांच्या खोडांची करत, पुढे छप्पर फेरोसिमेंटचं, म्हणजे जाळीवर सिमेंट थापलेलं, आलं. तुम्हीही कोंबडीजाळी, सिमेंट आणि चाळलेली वाळू आणा. ओतल्यावर आठवडाभर पाणी मारावं लागतं, तेव्हा आदल्या रविवारी सुरुवात करून चालणार नाही. थर्माकोल नकोच. गेल्या वर्षी आम्ही टबात पाणी भरलं आणि पाहुण्यांसमोर घर तरंगत वर आलं!

शाडूच्या शेवंडी करताना इंटरनेटवरचं नांगीवालं चित्र उतरवू नका, ती जात वेगळी. आपल्याला हवी काटेरी शेवंड. तिला मोठ्या नांग्या नसतात, जाड लांब मिशा असतात. मिशा फटीबाहेर काढून पाचसहा जणी दाटीनं बसवा. एकीच्या वासानं दुसरी येते, हे सांगायला ते बरं पडतं.

परीक्षक बहुधा गुजरातीत विचारतील, "आ घर छे के पांजरुं?" उत्तर पाठ करू नका, समजून घ्या. कासिताला दार नसतं, आमिष नसतं. शेवंड येते-जाते. कोळी दम धरून बुडी मारतो, हातजाळ्यानं धरतो. पण सगळ्या एकाच छपराखाली जमल्या की झाडून नेणंही सोपं. फ्लोरिडात अशी घरं टाकणं बेकायदा आहे, तेही सांगा. लपवलंत तर मॉडेल जाहिरात वाटेल. पुंता आयेनला ज्याचा त्याचा समुद्रातला तुकडा ठरलेला आहे, दुसऱ्याच्या घरांना हात लावायचा नाही. शेपूट 13.5 सेंटिमीटरहून कमी भरली किंवा पोटाखाली अंडी दिसली, की ती परत पाण्यात.

आपल्याकडचाही आकडा तक्त्यावर हवा: गुजरात-महाराष्ट्र किनाऱ्यावरच्या चिखलातल्या शेवंडीला निर्यातीसाठी किमान 300 ग्रॅम वजनाची अट 2003 पासून आहे.

शेवटची वस्तू फूटपट्टी, 13.5 वर लाल खूण केलेली. तिला दोऱ्यानं टेबलाला बांधा, शेजारच्या स्टॉलवाले नेतात.