दुर्बीण घेऊन हानलेला : फॉर्च्युनरमध्ये जागा कुठे कुठे सापडते

लेहमार्गे गेलं तर पुण्याहून लडाखमधलं हानले अडीच हजार किलोमीटरच्या पुढे आहे. गाव सव्वाचार हजार मीटरच्या आसपास, 2022 मध्ये तिथलं आकाश 'डार्क स्काय रिझर्व्ह', म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून जपलेलं आकाश, म्हणून जाहीर झालं. भाद्रपद-आश्विनातल्या अमावास्येला आपली स्वतःची दुर्बीण तिथे लावायची, हे ज्यांनी एकदा मनात घेतलं त्यांच्यासाठी ही तयारी. माणसं चार, गाडी फॉर्च्युनर, आणि आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आठ इंची आरशाची दुर्बीण), म्हणजे चार फूट लांबीची नळी. गाडी कितीही मोठी दिसली तरी रिकाम्या डिकीत आधी मेजपट्टी घेऊन उतरा.

मापं घेताना पहिली अडचण दिसते ती तिसऱ्या रांगेची. फॉर्च्युनरच्या मागच्या सीट जमिनीत जात नाहीत, दोन्ही बाजूंना खिडकीशी वर टांगल्या जातात आणि रुंदी खातात. त्या काढून घरी ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो. तसं करू नका. आरसीवर सात आसनांची नोंद असते आणि नोंदीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो. त्यापेक्षा टांगलेल्या सीटच्या खालची पोकळी बघा. गुंडाळलेल्या मॅट, बूट, दोराची गुंडाळी, असं दबणारं सामान तिथे आरामात जातं. एरवी ही जागा कोणी मोजतच नाही.

नळी आडवी बसणार नाही, हे मेजपट्टीच सांगेल. मधली रांग 60:40 अशी विभागलेली असते. तिचा लहान भाग पाडा, नळी त्यावरून लांबीत जाऊ द्या आणि मोठ्या भागावर दोघं बसू द्या. नळीला फोमची पेटी करून घेतली तर ती पेटीच अर्धी डिकी खाते. आम्ही आईची जुनी गोधडी वापरतो. दोन वेढे, तीन ठिकाणी सुती नाडी, आरशाकडचं तोंड मागच्या दाराकडे. रात्री तीच गोधडी पायांवर येते. एका वस्तूने दोन कामं केली की तेवढी जागा मोकळी झालीच. स्वेटर, थर्मल, टोप्या यांची वेगळी बॅग भरूच नका, त्या नळीच्या दोन्ही बाजूंना ठासा. चाकांच्या कडक सुटकेसला या गाडीत स्थान नाही. प्रत्येकाला एक मऊ डफल, बस.

खरी जागा सापडते ती दुर्बिणीच्या बैठकीत. डॉब्सोनियनची बैठक म्हणजे स्क्रूने जोडलेल्या पाट्या. जोडलेली नेली तर ती एखाद्या स्टुलाएवढी जागा अडवते आणि पोटात हवा घेऊन बसते. सुटी केली की पाट्या डिकीच्या तळाशी सपाट पडतात आणि त्यांच्यावर बाकीचं सगळं रचता येतं. मात्र बैठक भुशाच्या बोर्डाची असेल तर स्क्रू पुन्हापुन्हा काढल्याने भोकं सैल होतात. निघायच्या आठवडाभर आधी एकदाच सोडा, प्रत्येक सांध्यावर खडूने आकडा टाका आणि तिथे पोचल्यावर एकदाच जोडा. स्क्रू आणि अ‍ॅलन पाना एका छोट्या डबीत घालून ती डबी ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवा. पहिल्या खेपेला आमचा पाना तळातल्या पिशवीत गेला होता. तो सापडेपर्यंत धनु राशीकडचा आकाशगंगेचा दाट भाग डोंगराआड गेला. ती हळहळ अजून गेलेली नाही.

म्हणून भरताना एकच विचार ठेवा : अंधारात हात आधी कशाकडे जाईल? तिथे पांढरा उजेड चालत नाही. दार उघडलं की आतला दिवा लागतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांची तासभराची सवय मोडते. दिव्याचं बटण आधी बंद करा आणि डिकीच्या दिव्याला लाल जिलेटिन लावा. आयपीस (डोळ्याशी लावायची भिंगं), लाल टॉर्च, फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण), हातमोजे, थर्मास एवढं दाराशी, एका उघड्या टोपलीत. आयपीस लोकरी मोज्यांत घालून स्टीलच्या डब्यात ठेवले की ना खडखड होते, ना वेगळी पेटी लागते. पॉवर बँक थंडीत लवकर बसते, ती डिकीत टाकू नका, पांघरुणात घ्या.

खाण्याच्या सामानाबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. हानलेच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे वेफर्स-फरसाणाची बंद पाकिटं उशीसारखी फुगतात आणि जागा खातात. चिवडा आणि शंकरपाळी पुण्यातूनच हवा काढलेल्या झिप पिशव्यांत भरा. वीस लिटरच्या जारऐवजी पाच-पाच लिटरचे कॅन घ्या, ते कोपऱ्यात मावतात. वरचा ग्लोव्हबॉक्स एसीने थंड राहतो, राजस्थान पार होईपर्यंत औषधं तिथे.

ड्रायव्हरच्या सीटखाली काहीही नको. गडगडत आलेली बाटली ब्रेकखाली अडकू शकते. जड वस्तू खाली आणि मधल्या रांगेच्या पाठीला टेकून. पाठीच्या उंचीवर काही रचायचं असेल तर जाळी आणि पट्टे लावूनच. टपावरच्या कॅरिअरवर फक्त तंबू आणि झोपायच्या पिशव्या, तेही ताडपत्रीत. टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा आणि कॅरिअरचं वजन त्यातच धरा. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असते. ती खाली सोडायचा दांडा आणि जॅक सामानाखाली गाडला गेला तर पंक्चर झाल्यावर सगळा संसार रस्त्यावर मांडावा लागेल. टायरमधली हवा भरल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे घ्या.

निघायच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण भरा, चौघंही बसा आणि स्पीडब्रेकर असलेल्या रस्त्यावरून एसी-गाणी बंद ठेवून एक फेरी मारा. खडखड जिथून येईल तिथे मोज्यांची एक जोडी खोचा. आरशात मागची काच दिसत नसेल तर वरचा थर काढा आणि त्यातलं काय घरी राहू शकतं ते तिथेच ठरवा.