विद्युतचुंबक टाचणी उचलत नाही, होकायंत्राची सुई भरकटते: सेल बदलण्याआधी या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाचा हंगाम आला की चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: खिळ्यावर तार गुंडाळून विद्युतचुंबक केला, सेल जोडला, पण तो टाचणी काही उचलत नाही. मग नवा सेल येतो, मग दोन सेल, मग नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. दोष सेलचा क्वचितच असतो.

आधी तारेची टोकं पाहा. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली तांब्याची तार उघडी दिसते, पण तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो. त्या थरामुळेच वेढे एकमेकांना लागले तरी वीज आडवाटेने निसटत नाही. टोकाशी मात्र तोच थर विजेची वाट अडवतो. दोन्ही टोकं दोन-दोन सेंटिमीटर पॉलिश पेपरने चारी बाजूंनी घासा, तपकिरी रंग जाऊन तांबं लख्ख दिसेपर्यंत. काडी पेटवून थर जाळला तर वर काजळी बसते आणि घासणं चुकत नाहीच. मग मल्टिमीटर, म्हणजे रोध मोजणारं मीटर, लावा. तीन मीटर २६ गेज (तारेच्या जाडीचा क्रमांक) तारेचा रोध साधारण ०.३ ओहम असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर टोकं अजून झाकलेली आहेत.

दुसरी चूक किनाऱ्यावर जास्त होते, आणि तिच्यापायी चांगली मेहनत वाया जाते. खाऱ्या हवेत साधं लोखंड टिकत नाही, म्हणून बंदराजवळच्या दुकानांत स्टेनलेसचे बोल्ट सर्रास मिळतात. चमकतात, गंजत नाहीत, मुलं आवडीने तेच घेतात. विद्युतचुंबकाने उचलणाऱ्या क्रेनच्या मॉडेलवर दोनशे वेढे नीट बसवलेले असतात, तार कोमट होते, शेजारचं होकायंत्र हलतं, म्हणजे वीज वाहते आहे. तरी क्रेन टाचणीला हलवत नाही. परीक्षक समोर उभे, आणि घरचे सेल आणायला धावलेले. ३०४ आणि ३१६ या प्रतींच्या स्टेनलेसमध्ये निकेल इतकं असतं की त्याची स्फटिकरचनाच वेगळी होते आणि चुंबक त्याला जवळजवळ धरतच नाही. असा गाभा घालणं म्हणजे वेटोळं रिकामं ठेवणंच. दुकानात जाताना खिशात चुंबक न्या. जो बोल्ट घट्ट चिकटेल तोच घ्या: साधा लोखंडी, ८ मिलिमीटर जाड, ७५ मिलिमीटर लांब. जस्ताचा मुलामा असलेला चालतो, आत लोखंडच असतं. स्क्रूड्रायव्हर किंवा ड्रिलचं पातं मात्र घेऊ नका. कडक पोलाद वीज बंद केल्यावरही चुंबकत्व धरून ठेवतं आणि क्रेन उचललेलं सोडत नाही. खिळाच वापरायचा असेल तर चुलीत लाल होईपर्यंत तापवून राखेतच निवू द्या.

गुंडाळताना तार डावीकडून उजवीकडे गेली आणि परत आली तरी बिघडत नाही. फिरवण्याची दिशा तेवढी बदलू नका, नाहीतर उलटे वेढे सुलट्यांना खोडतात.

‘वेढे वाढवा, जोर वाढेल’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. जोर ठरतो प्रवाह गुणिले वेढे यावर. २६ गेजचे १०० वेढे म्हणजे सुमारे तीन मीटर तार. चांगल्या अल्कलाइन सेलवर, सेलचा आतला रोध ०.२ ओहम धरून, तीन अँपिअर वाहतात, गुणाकार ३००. वेढे ३०० केले तर तार दहा मीटरच्या आसपास जाते, प्रवाह १.२ अँपिअरवर येतो आणि गुणाकार ३६०. जोर थोडाच वाढला, पण सेलवरचा भार निम्म्याहून कमी झाला आणि तारही कमी तापते. खरा फायदा हा आहे, म्हणून घाई न करता ३०० वेढे घालावेत. चौकोनी बॅटरी या कामाला नको. तिचा आतला रोधच बराच असतो, लगेच बसते.

आता होकायंत्र. त्याच्याजवळ लोखंड आणि वीज किती नडते, हे कुलाब्याच्या वेधशाळेने पाहिलं. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी हे काम समुद्रापलीकडे अलिबागला नेलं. अलिबागच्या नोंदी १९०४ मध्ये सुरू झाल्या, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी घेतल्या गेल्या, म्हणजे जुनी मालिका नव्याशी जोडता यावी.

होडीच्या केबिनमध्ये मात्र होकायंत्राशेजारीच मोबाइल, स्पीकर आणि दिव्याची तार दिसते. १२ व्होल्टचा ६० वॉटचा दिवा पाच अँपिअर घेतो. त्याची एकटी तार सुईच्या दहा सेंटिमीटर खालून उत्तर-दक्षिण गेली तर तिथे १० मायक्रोटेस्लाचं (चुंबकक्षेत्राचं माप) क्षेत्र तयार होतं. आपल्या किनाऱ्यावर पृथ्वीचं आडवं क्षेत्र ३८ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. सुई सुमारे १५ अंश वळते, आणि दहा सागरी मैलांत होडी अडीच मैल बाजूला जाते. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ देऊन न्या, दोघींची क्षेत्रं एकमेकांना मारतात. स्पीकर किमान एक मीटर लांब ठेवा. दिवा लावून-विझवून सुई हलते का, हे धक्क्यावरच बघा.

जोरदार चुंबकाशेजारी ठेवलेल्या स्वस्त होकायंत्राची टोकं उलटतात. खुल्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड केलं की उत्तर उजव्या हाताला येते. सुई तिकडे नसेल तर ते टाकून द्या.

वेटोळं घरच्या २३० व्होल्टच्या प्लगला कधीही लावू नका. रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच, ट्रान्झिस्टरने चालवत असाल तर त्याच्या कॉइलला (वेटोळ्याला) उलटा १एन४००७ डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, जोडाच, नाहीतर वीज तोडताना उसळणारा व्होल्टेज ट्रान्झिस्टर जाळतो.

निओडिमियम चुंबकाचा मुलामा टवका उडून गेला की खाऱ्या हवेत तो आतून भुगा होतो. उघड्यावर काळा फेराइट वापरा. साधे निओडिमियम ८० अंश सेल्सिअसच्या वर कायमचे कमजोर होऊ लागतात. लहान मुलांच्या हाती ते देऊच नका: दोन गिळले तर आतड्याला मध्ये धरून भोक पाडतात.

क्षेत्ररेषा दाखवायला लोखंडाचा कीस नसेल तर रत्नागिरीच्या ‘काळा समुद्र’ म्हणतात त्या किनाऱ्यावरची काळी वाळू चालते. तिच्यात लोहाची दोन खनिजं असतात: मॅग्नेटाइट पटकन चिकटतं, इल्मेनाइट फारसं नाही, म्हणून सगळी काळी वाळू येईल अशी अपेक्षा नको. आधी गोड्या पाण्याने धुऊन कडक वाळवा. उघडा चुंबक वाळूत घातला तर कण निघता निघत नाहीत. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, मग कागदावर धरून चुंबक आतून वर ओढा. वाळू खाली पडते.