जुन्या पिकअपने ट्रेलर ओढायचा असेल तर एक्सल रेशो कसा निवडावा

ट्रेलर जोडून चढाला लागलेली जुनी पिकअप धापा टाकायला लागली की पहिला संशय इंजिनावर जातो. कार्ब्युरेटर उघडला जातो, प्लग बदलले जातात, फरक पडत नाही. अनेकदा इंजिन ठणठणीत असतं. मागच्या एक्सलमधला क्राउन-पिनियन (शाफ्टचा फेरा चाकांकडे वळवणारी मोठ्या-लहान गिअरची जोडी) मात्र रिकाम्या गाडीचं पेट्रोल वाचावं म्हणून निवडलेला असतो. १९७३ च्या तेलसंकटानंतरच्या काळात अमेरिकी कंपन्यांच्या अर्ध्या टनाच्या कितीतरी पिकअप २.७३ किंवा ३.०८ रेशो घेऊन बाहेर पडल्या. हे आकडे मोकळ्या रस्त्यासाठी ठीक आहेत. मागे दोन टनांचा ट्रेलर असेल तर नाहीत.

३.०८ म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे ३.०८ फेरे. आकडा जितका मोठा, तितका चाकाला जास्त टॉर्क आणि त्याच वेगाला इंजिनाचे जास्त आरपीएम. निवडायचा असतो तो या दोन गोष्टींचा मेळ, आणि तो अंदाजाने घालू नये. तुम्ही ट्रेलर घेऊन प्रत्यक्षात ज्या गिअरमध्ये आणि ज्या वेगाने चालता, त्या गिअरचा हिशेब करा. ओव्हरड्राइव्हमधला (इंजिनाचे फेरे शाफ्टपेक्षा कमी ठेवणाऱ्या सर्वांत वरच्या गिअरमधला) आकडा पाहून रेशो ठरवणारे बहुतेक जण फसतात.

आधी आहे तो रेशो नक्की करा

डिफरन्शियलच्या कव्हरच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी असेल तर तिच्यावर रेशो किंवा दातांची संख्या असते. पण इतक्या वर्षांत आतले गिअर कुणी बदललेले असू शकतात, त्यामुळे खात्री करून घ्याच. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि मागचं एकच चाक स्टँडवर उचला. साधा डिफरन्शियल असेल तर उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा. चाक वीस वेळा फिरवा, शाफ्टचे फेरे मोजा, दहाने भागा. सव्वासदतीस आले तर ३.७३. लिमिटेड स्लिप (एकाच चाकाला मोकळं घसरू न देणारा डिफरन्शियल) असेल तर चाक एकटं फिरणार नाही; दोन्ही चाकं उचला, दहा फेरे द्या आणि शाफ्टचे फेरे दहाने भागा. कव्हर उघडणारच असाल तर सरळ दात मोजा: ४१ आणि ११ म्हणजे ३.७३, ४१ आणि १० म्हणजे ४.१०, ४१ आणि ९ म्हणजे ४.५६.

टायर मोजा, पुस्तकातला आकडा घेऊ नका

२३५/७५ आर १५ टायरचा कागदावरचा व्यास ७३४ मिलिमीटर येतो, पण वजनाखाली तो दबतो. ट्रेलर जोडून, नेहमीची हवा भरून, मागच्या टायरच्या तळाशी खडूची खूण करा आणि गाडी सरळ पुढे ढकला. एका फेऱ्यात कापलेलं अंतर ३.१४ ने भागा. २.२३६ मीटर आलं तर कामाचा व्यास ०.७१२ मीटर.

मग सूत्र सोपं आहे: आरपीएम = ५.३ × वेग (किमी/तास) × एक्सल रेशो × गिअरचा रेशो ÷ टायरचा व्यास (मीटर).

ताशी ९० किमी, डायरेक्ट गिअर (१.००, इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने), व्यास ०.७१२ धरला तर ३.०८ ला सुमारे २०६०, ३.७३ ला २५००, ४.१० ला २७५० आणि ४.५६ ला ३०५० आरपीएम येतात. ०.७० च्या ओव्हरड्राइव्हमध्ये हेच आकडे अनुक्रमे १४४०, १७५०, १९२० आणि २१४० होतात. ३.०८ आणि ओव्हरड्राइव्ह या जोडीत इंजिन १४४० वर लोळतं, थोडासा चढ आला की गिअरबॉक्स खाली उतरतो, लगेच वर जातो, पुन्हा उतरतो. या धरसोडीत टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणारा तेलाचा जोड) घसरत राहतो, तेल तापतं आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आयुष्य तिथेच संपतं. जुन्या चार स्पीडच्या ऑटोमॅटिकमध्ये जड ट्रेलर असेल तर ओव्हरड्राइव्ह बंद ठेवून तिसऱ्यातच चालवावं, आणि रेशो त्या तिसऱ्यासाठी निवडावा.

मोठे टायर घातले असतील तर ते रेशो गुपचूप खाऊन टाकतात. ७३४ च्या जागी ७८७ मिलिमीटरचे, म्हणजे ३१ इंची, टायर आले की ३.७३ चा परिणाम ३.४८ इतकाच उरतो. पूर्वीसारखी ओढ हवी तर ३.७३ × ७८७ ÷ ७३४ म्हणजे ४.००, बाजारात मिळणारा जवळचा सेट ४.१०.

चढाचा हिशेब

खरी परीक्षा चढावर होते. गाडी आणि ट्रेलर मिळून ४५०० किलो धरा, चढ १० टक्के. वर ओढायला सुमारे ४४०० न्यूटन आणि टायरच्या घर्षणाला साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे एकूण ५०५० न्यूटन बल चाकाशी लागतं. हवेचा विरोध यात धरलेला नाही. टायरची त्रिज्या ०.३५६ मीटर, म्हणजे एक्सलवर जवळपास १८०० न्यूटन-मीटर. टीएच-४०० सारख्या तीन स्पीडच्या ऑटोमॅटिकचा दुसरा गिअर १.४८ चा असतो. शाफ्ट, गिअर आणि बेअरिंगमध्ये १५ टक्के वाया जातात असं धरलं, तर दुसऱ्यात टिकायला इंजिनाकडून ३.०८ ला ४६५, ४.१० ला ३५० आणि ४.५६ ला ३१५ न्यूटन-मीटर लागतात.

त्या काळच्या कार्ब्युरेटरवाल्या ५.७ लिटर व्ही-८ इंजिनांचा कमाल टॉर्क साधारण ३५० ते ३७५ न्यूटन-मीटर असायचा. म्हणजे ३.०८ ला दुसरा गिअर टिकणं शक्यच नाही. गाडी पहिल्यात उतरणार आणि रांगत वर जाणार. ४.१० ला ती पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून जेमतेम तग धरते. ४.५६ ला थोडी शिल्लक राहते, कारण ताशी ६० किमीला इंजिन ३००० आरपीएमवर असतं. स्वतःच्या गाडीचं वजन काट्यावर करून हा हिशेब एकदा मांडा. अंदाजे वजन घेऊ नका. भरलेला ट्रेलर वाटतो त्याहून जड निघतो.

डिझेलला हेच नियम उलट्या बाजूने टोचतात. सुरुवातीच्या कमिन्स ५.९ चा टॉर्क १६००-१७०० ला शिगेला पोचतो आणि गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) २५०० च्या थोडं पुढे इंजिन अडवतो. २३५/८५ आर १६ टायर, ओव्हरड्राइव्ह नाही, ताशी १०० किमी: ३.५४ ला २४०० आरपीएम, ठीक, ४.१० ला २७८०, म्हणजे गाडी तो वेग गाठणारच नाही. अशा गाडीत ३.५४ सोडू नये.

पेट्रोल व्ही-८ साठी आमचं मत असं: ओव्हरड्राइव्ह नसेल आणि महामार्गावर रिकामी गाडीही बरीच फिरत असेल तर ३.७३, ओव्हरड्राइव्ह असेल तर ४.१० बिनदिक्कत, टायर ३३ इंची असतील किंवा काम सतत घाटातलं असेल तर ४.५६. दहा टक्क्यांहून कमी फरकासाठी एक्सल उघडू नका. ३.५५ वरून ३.७३ ला जाणं म्हणजे फक्त पाच टक्के. तेवढी मजुरी आणि तेवढी जोखीम घेण्यासारखं त्यात काही नाही.

सेट मागवण्यापूर्वी

क्राउन ज्या कॅरिअरवर बोल्टने बसतो, तो अनेक एक्सलमध्ये ठरावीक रेशोंपुरताच चालतो. डाना ६० आणि जीएमच्या १४ बोल्टच्या साडेदहा इंची एक्सलमध्ये ४.१० पर्यंत एक कॅरिअर, ४.५६ पासून दुसरा. डाना ४४ मध्ये ही रेषा ३.७३ आणि ३.९२ च्या मध्ये, जीएमच्या पिकअपच्या १२ बोल्टमध्ये ३.४२ आणि ३.७३ च्या मध्ये. फोर्डच्या ८.८ आणि ९ इंचीला ही अडचण नाही. काही एक्सलसाठी जाड क्राउन मिळतो, त्यामुळे जुना कॅरिअर वाचतो.

फोर बाय फोर असेल तर पुढचा एक्सलही बदलावाच लागतो. ४.१० आणि ४.११ एकत्र चालतात, ३.७३ आणि ४.१० नाहीत. कोरड्या रस्त्यावर चारही चाकं जोडली की ट्रान्सफर केसमध्ये ताण साठत जातो आणि काहीतरी तुटतं.

रेशो बदलल्याने एक्सल मजबूत होत नाही. उलट मोठ्या आकड्याच्या पिनियनला दात कमी, त्यामुळे तो लहान आणि नाजूक. ब्रेक, हिच आणि रेडिएटरची क्षमताही आहे तेवढीच राहते. फायदा एक नक्की आहे, उतारावर इंजिन ब्रेकिंग वाढतं. शाफ्ट मात्र आता जास्त वेगाने फिरतो, ओव्हरड्राइव्हमध्येसुद्धा, म्हणून शाफ्टच्या सांध्यांतले जुने क्रॉस ढिले असतील तर याच वेळी बदला.

बसवताना

बेअरिंग, सील आणि क्राउनचे बोल्ट नवेच घ्या. पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) जुळवा, बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) डायल गेजने मोजा. बहुतेक एक्सलना ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर चालतो, पण आपल्या एक्सलचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. दातांना मार्किंग पेस्ट लावून फिरवा. ठसा दाताच्या मुळाशी पडला तर पिनियन जास्त आत आहे, टोकाशी पडला तर बाहेर. क्रश स्लीव्ह (आवळताना चेपणारी नळी) असलेल्या पिनियनचा नट थोडाथोडा आवळत प्रीलोड (बेअरिंगवरचा आवळ) तपासा. जास्त आवळला गेला तर मागे सैल करून भागत नाही, नवी स्लीव्हच घालावी लागते. इथे घाई केली की पिनियनचं बेअरिंग काही महिन्यांत ओरडायला लागतं.

स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागून चालत असेल तर तो चुकेल: ३.०८ वरून ३.७३ ला गेल्यावर खऱ्या ९० ला काटा १०९ दाखवतो. केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा गिअर बदला. सेन्सर क्राउनजवळच्या रिंगवर असेल तर काही करावं लागत नाही.

पहिले २५-३० किमी हलक्या पायाने, ट्रेलरविना चालवा आणि एक्सल पूर्ण थंड होऊ द्या. ८०० किमीपर्यंत ट्रेलर जोडू नका, मग तेल बदला. त्यात राखाडी चुरा दिसणं स्वाभाविक आहे, नखाएवढे तुकडे मात्र नाहीत. ट्रेलरची पहिली खेप छोटी ठेवा: पंधरा मिनिटं चालवा, थांबा, डिफरन्शियल गार होऊ द्या, आणि पुन्हा निघा.