चौघांच्या टेबलावर डेक का फसतो? कमांडर खेळताना या चुका टाळा

दोघांच्या सामन्यात हमखास जिंकणारा डेक (कार्डांचा गठ्ठा) मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या कमांडर प्रकारात, चौघांच्या टेबलावर आडवा होतो, त्यामागं दोन साधे हिशेब असतात. समोर तीन प्रतिस्पर्धी, प्रत्येकी 40 लाइफ, म्हणजे एकूण 120 उतरवायचे. क्रीचरची (लढणाऱ्या कार्डांची) फौज उभारणारा झुंडीचा डेक हे विसरतो. दुसऱ्यांचे डाव हाणून पाडणारा कंट्रोलचा डेक विसरतो ते वेगळंच: तुम्ही एक कार्ड ओढेपर्यंत समोरचे तिघं मिळून तीन ओढतात. दुखणी उलटी, त्यामुळं एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

झुंड: सगळा माल टेबलावर, हात रिकामा

क्रेन्को, मॉब बॉस घ्या. चार मानाचा (माना म्हणजे कार्ड खेळायची शक्ती, मुख्यतः लँड कार्डांतून मिळते) हा कमांडर, म्हणजे डेकचा म्होरक्या, टॅप केला (आडवा करून वापरला) की तुमच्याकडं जितके गॉब्लिन, तितके गॉब्लिनचे नवे टोकन (कार्डाऐवजी ठेवलेले क्रीचर) येतात. तो स्वतःही मोजणीत धरायचा. एकट्यानं सुरुवात केली तर टोकन 1, 2, 4, 8, 16 असे वाढतात. सोबत इम्पॅक्ट ट्रेमर्स असेल तर प्रत्येक नव्या गॉब्लिनमागं प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं 1 लाइफ जातं. पाच टॅपला 31. म्हणजे 40 साठी सहावा टॅप लागतोच, आणि क्रेन्कोला तितका वेळ कुणी जगू देत नाही.

आता आधी तीन गॉब्लिन आणि ट्रेमर्स बसवा, मग क्रेन्को आणा. 4, 8, 16, 32: चौथ्या टॅपलाच 60, तिघांचाही निकाल. आधीच्या मारामारीत प्रत्येकाचे 12 उतरले असतील तर तिसऱ्या टॅपलाच काम होतं, कारण 28 आणि 12 मिळून 40. चौथ्या टर्नला रिकाम्या टेबलावर क्रेन्को ठेवायची घाई म्हणूनच महागात पडते. समनिंग सिकनेसमुळं (नवा क्रीचर आल्या टर्नला टॅप करता येत नाही) तो टर्नभर नुसता बसतो आणि तेवढ्यात मारला जातो. दोन मानाचं लाइटनिंग ग्रीव्ह्ज आधी टाकून ठेवा. क्रेन्कोवर चढवायला शून्य माना लागतात, तो आल्याआल्या टॅप होतो आणि त्याला कुणी टार्गेट करू शकत नाही. पण रॅथ ऑफ गॉडपासून ते वाचवत नाही. ते कार्ड कुणाला टार्गेटच करत नाही, सगळेच क्रीचर मारतं.

त्या रॅथसाठीच हात राखायचा. टेबलावरची फौज दोन टर्नमध्ये एकाला संपवू शकत असेल तर तिथंच थांबा. एकट्यानं चार-पाच टोकन देणारी दोन कार्डं हातात ठेवा. क्रेन्को पुन्हा आणायला सहा माना लागतील, त्यानंतर आठ. तेवढ्या लँड नसतील तर तुमचा बेत रॅथसारख्या एकाच वाइपपुरता (टेबल साफ होण्यापुरता) आहे, असं समजा.

आणि घोस्टली प्रिझनवर डोकं आपटू नका. ते कार्ड असलेल्यावर हल्ला करायला प्रत्येक हल्लेखोरामागं 2 माना. दहा गॉब्लिन पाठवायला 20. तिथं ट्रेमर्सच कामाला येतं, हल्ला नाही.

कंट्रोल: प्रत्येक गोष्टीला ‘नाही’

काउंटरस्पेल (समोरच्याचं कार्ड खेळतानाच रद्द करणारं कार्ड) वापरलं की तुमचं एक कार्ड गेलं, समोरच्याचं एक गेलं आणि बाकीचे दोघं फुकटात पुढं सरकले. तीन मानाच्या फुटकळ क्रीचरवर काउंटर टाकणारा खेळाडू पुढं कॉम्बो (मिळून सामना संपवणारी कार्डं) आला की हात चोळत बसतो. आमच्या मते काउंटर फक्त दोन ठिकाणी वापरावं: कुणी सामना संपवायला निघालं तेव्हा, किंवा तुमचा स्वतःचा जिंकायचा डाव मोडणार असेल तेव्हा. बाकीचं तिघांनी आपसात निस्तरावं.

सायक्लॉनिक रिफ्ट सात मानात ओव्हरलोड करायची, म्हणजे तिघांचंही लँड सोडून सगळं हातात परत पाठवायची, वेळही बऱ्याच जणांची चुकते. आपल्याच टर्नला वापरलं तर समोरचे तिघंही लगेच पुन्हा मांडणी करतात. उजवीकडं बसलेल्याचा टर्न संपताना वापरा, मग आधी तुम्हालाच मोकळं मैदान मिळतं. टोकन हातात परत जात नाहीत, नाहीसे होतात. क्रेन्कोवाल्यासाठी ही रॅथइतकीच मोठी आपत्ती.

जिंकायचं साधनच नसलेला कंट्रोल डेक तर बेळगावात बनवूच नका. सामना लांबत जाईल आणि निपाणीच्या गड्याची शेवटची बस चुकेल. सामना संपवणारी किमान तीन-चार कार्डं हवीत. कुणी मधेच उठून गेलंच, तर त्याच्या मालकीची सगळी कार्डं खेळातून जातात, तुम्ही ताब्यात घेतलेली सुद्धा. चोरीच्या क्रीचरवर अख्खा बेत उभारला असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

दोन्ही डेकना लागू

माना मिळत नसेल तर आधी लँड मोजा. कमांडर सोडून उरलेल्या 99 पैकी 37 लँड असतील तर चौथ्या टर्नपर्यंत पाहिलेल्या 11 कार्डांत सरासरी 4.1 लँड येतात. 31 असतील तर 3.4. सोल रिंग धरून रॅम्पची (जादा माना देणारी) दहा कार्डं ठेवा. पहिला मलिगन (सुरुवातीचा हात बदलून घेणं) फुकट असतो, तेव्हा एका लँडचा हात ‘बघू’ म्हणून ठेवू नका.

खेळाडूला बाद करणारा 21 चा कमांडर डॅमेज एकाच कमांडरचा आणि फक्त लढाईतलाच मोजतात. दोन कमांडरांची बेरीज करून वाद घालू नका.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, फॉइल कार्डं ओलसर हवेनं वाकतात. स्लीव्हमध्ये घातलं तरी वाक तसाच राहतो आणि गठ्ठ्यात ते कार्ड कडेवरून ओळखू येतं, म्हणजे खुणेचं कार्ड झालं. खेळायला साधी प्रत वापरा, फॉइल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. आणि कुंदा खाल्ल्यावर हात धुऊनच शफल करा; तुपाचा डाग पडलेली स्लीव्हही गठ्ठ्यात वेगळी दिसते.