ओपनओसीडीमधला बग कसा दुरुस्त करायचा आणि कोड कसा आवरायचा

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये असो की कलाभवन या तंत्रविद्यालयाच्या लॅबमध्ये, मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर काम करणाऱ्या अनेकांनी ओपनओसीडी, म्हणजे संगणकावरून चिपमध्ये प्रोग्राम भरणारं आणि तो तपासायला मदत करणारं सॉफ्टवेअर, कधी ना कधी चालवलेलं असतं. डॉमिनिक राथ यांच्या २००५ सालच्या ऑग्सबर्गमधल्या पदविका-प्रबंधातून हे सॉफ्टवेअर जन्माला आलं. ते सी भाषेत आहे आणि जीपीएल परवान्याखाली खुलं आहे. त्यामुळे त्यात बग सापडला तर हात बांधून बसायचं कारण नाही, तो आपण दुरुस्त करून मूळ प्रकल्पात पाठवू शकतो. ज्यांना सी येतं, ज्यांनी निदान एक बोर्ड फ्लॅश केला आहे, पण दुसऱ्याच्या एवढ्या मोठ्या कोडला हात लावायला जे कचरतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केलं, तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य प्राध्यापक गज्जर यांचा आग्रह होता की तंत्रविद्या मातृभाषेतून शिकवावी. बडोद्यात बसून हे मराठीत लिहिण्यामागे तोच आग्रह आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत; टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

सगळ्यात आधी एक नियम पक्का करा: एका पॅचमध्ये, म्हणजे मूळ प्रकल्पाला पाठवायच्या एका बदलात, एक तर बग दुरुस्त करायचा, नाही तर कोड आवरायचा. दोन्ही एकत्र नाही. बग दुरुस्त करताना वागणूक बदलते आणि ती बदलली हे दाखवावं लागतं. आवरताना वागणूक तसूभरही बदलत नाही आणि ती बदलली नाही हे दाखवावं लागतं. या दोन उलट्या गोष्टी एकाच पॅचमध्ये घातल्या तर तपासणाऱ्याला यातलं काहीच तपासता येत नाही.

टेबलावर काय लागतं

दोन रास्पबेरी पाय पिको आणि चार जंपर वायर पुरतात. एक पिको प्रोब (संगणक आणि चिप यांच्यामधला दुवा) होईल आणि दुसरी टार्गेट (ज्या चिपवर काम करायचं ती). प्रोबवाल्या पिकोचं बूटसेल बटण दाबून ती यूएसबीला लावा आणि जी ड्राइव्ह उघडेल तिच्यात डीबगप्रोब फर्मवेअरची यूएफ२ फाइल टाका. मग प्रोबची जीपी२ पिन टार्गेटच्या एसडब्ल्यूक्लॉकला, जीपी३ एसडब्ल्यूडीआयओला, ग्राउंड ग्राउंडला आणि व्हीसिस व्हीसिसला जोडा. टार्गेटला वेगळी यूएसबी लावली असेल तर व्हीसिसची वायर काढून टाका.

वायर १०-१५ सेंटिमीटरपेक्षा लांब नको. शेजारी कॉन्टॅक्टर खटखटत असेल किंवा वेल्डिंग चालू असेल तर लांब वायरीवर पॅरिटी एरर येतात आणि माणूस कोडमध्ये बग शोधत बसतो. जुन्या घरातल्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पुन्हा करून पाहा. त्यानंतर अ‍ॅडाप्टर स्पीड ५००० किलोहर्ट्झवरून १००० वर आणा. स्पीड कमी केल्यावर त्रास थांबला तर आधी वायरिंगवर संशय घ्या, कोडवर नंतर.

बिल्ड

उबुंटू किंवा डेबियनवर मेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, टेक्सइन्फो, लिबयूएसबी-१.० आणि हिडएपीआयची डेव्ह पॅकेजेस टाका. ओपनओसीडीच्या स्क्रिप्टची भाषा चालवणारं जिम टीसीएल हे ०.१२ आवृत्तीपर्यंत सबमॉड्यूल म्हणून सोबत येत होतं. आताच्या मास्टर ब्रँचला त्याचं डेव्ह पॅकेज वेगळं लागतं, ते नसेल तर कॉन्फिगर तिथेच अडतं. रेपो क्लोन केल्यावर बूटस्ट्रॅप, कॉन्फिगर, मेक या क्रमाने जा. कॉन्फिगरला सीएमएसआयएस-डॅप (आपल्या प्रोबचा ड्रायव्हर) चालू ठेवायला सांगा आणि शेवटी जो तक्ता छापला जातो त्यात त्यापुढे होकार आहे ना, ते डोळ्यांनी बघा. तसं स्पष्ट सांगितलं नाही आणि हिडएपीआय सापडलं नाही तर तो ड्रायव्हर गुपचूप गळू शकतो.

मेक इन्स्टॉल करू नका. बिल्ड फोल्डरातूनच सोर्स/ओपनओसीडी चालवा आणि -एस पर्यायाने त्याच रेपोतलं टीसीएल फोल्डर दाखवा. हे विसरलं की नवा प्रोग्राम सिस्टिममधल्या जुन्या स्क्रिप्ट उचलतो आणि अख्खी दुपार भलत्याच चुकीमागे जाते. सुरुवातीला छापली जाणारी आवृत्तीची ओळ वाचायची सवय लावा. तिच्यात गिटचा हॅश असतो, आणि न कमिट केलेले बदल असतील तर शेवटी ‘डर्टी’ लिहिलेलं असतं.

यूएसबी उघडताना परवानगीची चूक आली तर सुडो लावून वेळ मारून नेऊ नका. कॉन्ट्रिब फोल्डरातली ६०-ओपनओसीडी.रूल्स ही फाइल यूडेव्हच्या रूल्स.डी फोल्डरात कॉपी करा, रूल्स रीलोड करा आणि प्रोब काढून पुन्हा लावा.

बग आधी बांधून ठेवा

दुरुस्तीला बसण्याआधी बग हुकमी यायला हवा. जीडीबी हा डीबगर आणि एडिटरचं प्लगइन बाजूला ठेवा. ओपनओसीडीला -सी पर्यायातून इनिट, रीसेट हॉल्ट, मग बग दाखवणारी एक आज्ञा आणि शेवटी शटडाउन एवढंच द्या. आज्ञा फसली की प्रोग्राम शून्याऐवजी दुसरा एक्झिट कोड देऊन बाहेर पडतो, त्यामुळे हीच ओळ स्क्रिप्टमध्ये घालता येते. ती २० वेळा चालवून किती वेळा फसते ते लिहून ठेवा. २० पैकी ३ वेळा येणारा बग आणि २० पैकी २० वेळा येणारा बग यांची कारणं सहसा वेगळ्या जातीची असतात.

-डी३ लावला की सविस्तर लॉग मिळतो. -डी४ लावला तर अ‍ॅडाप्टरच्या पातळीवरची देवघेवही दिसते, पण तेवढ्याने प्रोग्राम मंदावतो आणि वेळेशी संबंधित बग लपू शकतो. लॉग शेवटून वर वाचू नका. पहिली एरर कुठे आली ते शोधा. एसडब्ल्यूडीमध्ये (प्रोब आणि चिप यांच्यातल्या दोन तारांच्या जोडणीत) एक फॉल्ट आला की स्टिकी एररचा बिट लागतो आणि तो साफ होईपर्यंत पुढची अ‍ॅक्सेस पोर्टची (चिपच्या मेमरीपर्यंत नेणाऱ्या दाराची) कामंही फसतात. खालच्या चाळीस ओळी म्हणजे त्या एका चुकीचेच पडसाद असतात.

जुन्या आवृत्तीत चालत होतं आणि आता चालत नाही, अशी खात्री असेल तर गिट बायसेक्ट रन वापरा; कोणत्या कमिटपासून बिघडलं ते ही आज्ञा अर्धं-अर्धं करत शोधते. हार्डवेअर असल्यामुळे दोन पथ्यं पाळा. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक वेळी टाइमआउट २० सेकंदांचा ठेवा, नाहीतर लटकलेला प्रोग्राम रात्रभर तसाच राहतो. आणि ज्या कमिटवर बिल्डच होत नाही तिथे १२५ हा एक्झिट कोड द्या, म्हणजे बायसेक्ट ती पायरी वगळून पुढे जातं. आधीच्या पायरीने चिप विचित्र अवस्थेत सोडली असेल तर पुढचा निकाल खोटा येतो, म्हणून शक्य असेल तर दर पायरीला टार्गेटचा वीजपुरवठा तोडून जोडा.

रांगेतला बग

ओपनओसीडीत वारंवार भेटणारी एक चूक नीट समजून घेतली तर निम्मा कोड कळतो. चिपच्या मेमरीतला शब्द वाचायला मेम_एपी_रीड_यू३२ हे फंक्शन आहे. त्याला पत्ता द्यायचा आणि उत्तर ठेवायला व्हेरिएबलचा पॉइंटर द्यायचा. ते एरर_ओके परत देतं. नवा माणूस समजतो, वाचून झालं, आणि पुढच्याच ओळीत ते व्हेरिएबल तपासतो.

पण अजून काहीच वाचलेलं नसतं. फंक्शनने फक्त काम रांगेत लावलेलं असतं. यूएसबीची प्रत्येक फेरी महाग असते, म्हणून कामं साठवून एकदम पाठवतात, आणि ती खरी पार पडतात डॅप_रन बोलावल्यावर. शिवाय एआरएमच्या अ‍ॅक्सेस पोर्टचं वाचन मुळातच एक पाऊल मागे असतं: आत्ता मागितलेली किंमत पुढच्या वाचनात किंवा आरडीबफ रजिस्टरमधून हाती येते. त्यामुळे डॅप_रनच्या आधी त्या व्हेरिएबलमध्ये स्टॅकवर पडलेला कचरा असतो. काही ड्रायव्हर काम लगेच करतात, काही साठवतात, म्हणून हा बग एका प्रोबवर दिसतो आणि दुसऱ्यावर दिसत नाही. मध्ये एखादी लॉगची ओळ घातली की कचराही बदलतो आणि बग दुसरं रूप घेतो.

यावर इलाज दोन. एकच शब्द वाचून त्यावर लगेच निर्णय घ्यायचा असेल तर मेम_एपी_रीड_अ‍ॅटॉमिक_यू३२ वापरा, ते रांग स्वतः रिकामी करतं. पाच-सहा शब्द लागणार असतील तर सगळी वाचनं रांगेत लावा, एकदा डॅप_रन बोलवा, त्याचा परतावा तपासा, आणि मगच किमती वापरा. सरसकट सगळीकडे अ‍ॅटॉमिक लावू नका. बग जाईल, पण प्रत्येक हॉल्टला यूएसबीच्या फेऱ्या वाढून डीबगिंग रेंगाळेल.

याच चुकीचं दुसरं रूप जास्त घातक आहे. फंक्शनने स्थानिक व्हेरिएबलचा पॉइंटर रांगेत दिला, मधल्या ओळीत एरर आली आणि डॅप_रन न बोलावता ते परत फिरलं. रांगेत तो पॉइंटर अजून आहे. पुढे भलत्याच कोणी डॅप_रन बोलावला की उत्तर मेलेल्या स्टॅकवर लिहिलं जातं आणि क्रॅश तिसऱ्याच फाइलीत होतो. हा बग डोळ्यांनी शोधू नका. सीफ्लॅग्जमध्ये अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी कंपायलरची सोय) चालू करून बिल्ड करा आणि जीसीसी असेल तर एसॅन_ऑप्शन्समध्ये डिटेक्ट_स्टॅक_यूज_आफ्टर_रिटर्न १ करा. कोणत्या ओळीने लिहिलं आणि ती जागा मुळात कोणाची होती, दोन्ही समोर येतं.

टार्गेटची वाट पाहणाऱ्या लूपमध्येही नीट बघा. मोठा फ्लॅश पुसताना लूप मध्येच कीप_अलाइव्ह बोलवत नसेल तर १००० मिलिसेकंदांची मर्यादा ओलांडल्याची सूचना येते आणि जीडीबी कनेक्शन सोडू शकतं. आकडा वाढवू नका, लूपमध्ये कीप_अलाइव्ह घाला.

आवरताना

हार्डवेअरच्या कोडमध्ये वाचन निरुपद्रवी नसतं, आणि आवरणाऱ्याचा पाय नेमका इथे घसरतो. कॉर्टेक्स-एम या एआरएमच्या प्रोसेसरचं डीएचसीएसआर हे डीबगसाठीचं रजिस्टर घ्या, पत्ता ई०००ईडीएफ०. त्यातला २५ क्रमांकाचा बिट सांगतो की मागच्या वाचनानंतर रीसेट झाला. वाचलं की तो साफ होतो. २४ क्रमांकाचा बिटही तसाच. म्हणजे स्वच्छतेच्या नादात कोणी एका फंक्शनमध्ये डीएचसीएसआरचं जादा वाचन घातलं, तर पोल करणाऱ्या, म्हणजे चिपची स्थिती सतत विचारत राहणाऱ्या फंक्शनला रीसेट झाल्याचं कधी कळतच नाही. म्हणूनच कॉर्टेक्स_एम.सीमध्ये हे चिकट बिट प्रत्येक वाचनानंतर एका व्हेरिएबलमध्ये साठवत जाणारं फंक्शन आहे. डीएचसीएसआर वाचणारा कोड हलवताना ते फंक्शन सोबत आलं पाहिजे. तसंच एखादं वाचन निरुपयोगी दिसलं म्हणून उडवू नका. आधीचं लिहिणं चिपपर्यंत पोचवायला ते ठेवलेलं असू शकतं. गिट ब्लेम करून ती ओळ कधी आणि का आली ते कमिट मेसेजमध्ये वाचा.

प्रकार बदलतानाचे दोन सापळे ओळखून ठेवा. इंटचा अनसाइन्ड इंट केला की उलटा मोजणारा लूप, म्हणजे शून्यापर्यंत उतरणारा, कधीच संपत नाही. आणि इंट परत देणारं फंक्शन बूल केलं, पण ते कुठेतरी एरर_फेल म्हणजे उणे ४ परत देत असेल, तर ते चुपचाप ‘खरं’ होतं आणि अपयशाचं यश होऊन बसतं.

नुसतं नाव बदललं किंवा फंक्शन फाइलीत वर-खाली हलवलं असेल तर वागणूक तीच राहिली याचा पुरावा देता येतो. डीबग माहितीशिवाय, फक्त -ओ२ लावून, बदलाआधी आणि बदलानंतर बिल्ड करा आणि ऑब्जेक्ट फाइलींचं ऑब्जडम्प ताडून पाहा. नाव बदललं असेल तर फरकात फक्त ते नाव दिसावं, फंक्शन हलवलं असेल तर फक्त जागा आणि पत्ते. इथे एक खाच आहे: ओपनओसीडीचे लॉग मॅक्रो फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि फंक्शनचं नाव कोडमध्ये घालतात. एक ओळ वाढली की खालचे सगळे आकडे बदलतात आणि फरकाचा पूर येतो. तुलनेपुरतं लॉग.एचमध्ये ओळीच्या क्रमांकाच्या जागी ० लिहा, दोन्ही बिल्ड तसेच करा आणि झाल्यावर तो बदल आठवणीने काढून टाका.

पॅच पाठवणं

गिटहबवरचा रेपो ही फक्त प्रत आहे. पॅच गेरिटवर, म्हणजे कोड तपासण्याच्या वेबसाइटवर तपासले जातात. खातं उघडून कमिट-मेसेजचा हुक बसवा, तो प्रत्येक कमिटला चेंज-आयडी लावतो. कमिट करताना -एस देऊन साइन्ड-ऑफ-बाय ओळ घाला. शीर्षकात आधी कोडचा भाग, मग कोलन, मग नेमकं काय केलं ते लिहा. मजकुरात बग कसा दिसतो, कशामुळे होतो आणि कोणत्या प्रोबवर, कोणत्या चिपवर तपासलं ते लिहा. ओळ ७५ अक्षरांच्या आत ठेवा. पाठवण्याआधी टूल्स/स्क्रिप्ट्समधलं चेकपॅच चालवा. इंडेंट टॅबने करायचं असतं, स्पेसने केलं तर ते तक्रार करतं.

दुरुस्ती आणि आवराआवर दोन्ही हवी असतील तर दुरुस्तीचं कमिट आधी ठेवा, म्हणजे जुन्या आवृत्तीवर ते एकटं उचलता येतं. आवराआवर त्यानंतर, एका प्रकारचा बदल एका कमिटमध्ये. मग रेफ्स/फॉर/मास्टरकडे पुश करा.

शेरे आले की नवं कमिट जोडू नका. तेच कमिट अमेंड करा, चेंज-आयडीच्या ओळीला हात लावू नका आणि पुन्हा पुश करा. गेरिट त्याला त्याच पॅचचा पुढचा संच मानतं. मालिकेतल्या मधल्या कमिटवर शेरा असेल तर इंटरॅक्टिव्ह रीबेसमध्ये त्या कमिटपुढे एडिट लिहा, दुरुस्त करा आणि मग प्रत्येक कमिटवर वेगळं मेक चालवून पाहा. शेवटचं कमिट बिल्ड होतं म्हणून मधलीही होतात असं नाही, आणि मधलं एक जरी मोडलेलं राहिलं तरी उद्या बायसेक्ट करणाऱ्याची स्क्रिप्ट नेमकी तिथे अडते.