आधी लेबर रूम, मग रिग्रेशन: आरोग्य अर्थशास्त्राचे पीएचडी संशोधक तयार करताना

आरोग्य अर्थशास्त्रात पीएचडीला येणाऱ्या विद्यार्थ्याला रिग्रेशन (गोष्टींमधला संबंध आकड्यांतून काढण्याची पद्धत) येतं, स्टाटा हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर चालवता येतं. पण ज्या रजिस्टरमधून त्याचे आकडे येतात, ते कोण, कधी आणि किती घाईत भरतं, हे त्याने सहसा पाहिलेलं नसतं. उपचारांची गुणवत्ता मोजायची तर शिकवण्याची सुरुवात तिथूनच हवी. इथे उदाहरण बाळंतपणाच्या सेवेचं घेतलं आहे.

पहिले सहा आठवडे लॅपटॉप बंद. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि जिल्हा शल्यचिकित्सकांची लेखी परवानगी यांत बराच वेळ जातो, म्हणून अर्ज प्रवेशाच्या आठवड्यातच करा. मग विद्यार्थ्याला उपजिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये आठवड्याला तीन पाळ्या बसवा. त्यातली एक रात्रपाळी हवीच, कारण मनुष्यबळाची खरी ओढाताण रात्री दिसते. प्रत्येक बाईची संमती घ्यायची. आणि बाळ श्वास घेत नसेल किंवा रक्तस्राव वाढत असेल आणि कुणाचं लक्ष नसेल, तर निरीक्षण सोडून लगेच सांगायचं. हा नियम प्रोटोकॉलमध्ये लिहूनच ठेवा. ऐन वेळी विद्यार्थी गोंधळतो.

याच काळात रजिस्टर वाचायला शिकवा. बीपीच्या शेवटच्या दोनशे नोंदी काढून वरच्या आकड्याचा फक्त शेवटचा अंक मोजायला सांगा. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे ०, २, ४, ६, ८ हे अंक साधारण २० टक्के प्रत्येकी यायला हवेत. निम्म्याहून जास्त शून्यं असतील, तर आकडे ढोबळ केलेले आहेत. ओळीने १२०/८० दिसलं, तर बीपी मोजलं होतं का, हाच प्रश्न आहे. पार्टोग्राफचंही (कळा सुरू असताना बाळंतपण कसं पुढे सरकतंय, ते वेळोवेळी नोंदवण्याचा तक्ता) तसंच: सगळे ठिपके एकाच शाईत, एकाच दाबाने आणि कुठेही खाडाखोड नाही, असं दिसलं तर तो बाळंतपणानंतर भरला असण्याची शक्यता धरा. यात सिस्टरला दोषी ठरवायचं नाही. तिच्याकडे किती कागद आहेत, ते मोजायचं.

निरीक्षणाचा फॉर्म विद्यार्थ्यानेच बनवावा. ऑक्सिटोसिन हे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं इंजेक्शन. ‘ऑक्सिटोसिन दिलं: होय/नाही’ ही ओळ कुचकामी आहे. ‘बाळ जन्मल्यावर १ मिनिटाच्या आत १० युनिट स्नायूत दिलं, वेळ __’ अशी ओळ हवी. सोबत फ्रिजचं तापमान (२ ते ८ अंश सेल्सिअस) लिहा, कारण उष्णतेने हे औषध निकामी होत जातं. दोघांनी एकच बाळंतपण पाहून वेगवेगळे फॉर्म भरावेत आणि कॅप्पा (योगायोगाने जुळणारी उत्तरं वजा करून उरणारं दोघांचं एकमत; पूर्ण एकमत म्हणजे १) काढावा. तो ०.६ च्या खाली गेला, तर आधी त्या ओळीचे शब्द तपासा. मात्र एखादी गोष्ट जवळपास नेहमीच होत असेल, तर एकमत असूनही कॅप्पा कमी येतो; म्हणून साधी टक्केवारीही शेजारी मांडा. आणखी एक अडचण: कुणी बघतंय म्हटलं की माणूस नीट काम करतो. टांझानियातल्या एका अभ्यासात डॉक्टरांचा हा बदल १० ते १५ रुग्णांनंतर ओसरला होता. म्हणून सुरुवातीची निरीक्षणं वेगळी ठेवून तपासा.

आता वाचन. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला उत्तर प्रदेशातला बेटरबर्थ प्रयोग दोन पूर्ण दिवस घेऊन वाचा. २४ जिल्हे, १२० केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं, जागतिक आरोग्य संघटनेची चेकलिस्ट आणि आठ महिने कोचिंग. कोचिंग सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी आवश्यक कृतींचं प्रमाण ७२.८ टक्के झालं, तुलनेच्या केंद्रांत ते ४१.७ होतं. पण मृत्यू आणि मातांच्या गंभीर गुंतागुंती मिळून काढलेला दर १५.१ विरुद्ध १५.३ टक्के, म्हणजे जवळपास तोच. बारा महिन्यांनी, कोचिंग थांबल्यावर, कृतींचं प्रमाणही ६१.७ वर घसरलं. असं का झालं असेल याची पाच कारणं आणि प्रत्येक कारण तपासायला कोणता डेटा लागेल, हे विद्यार्थ्याने एका पानात लिहावं. आमच्या मते सगळ्या अभ्यासक्रमात हा स्वाध्याय सर्वात मोलाचा आहे.

नमुन्याचा आकार काढताना ठरलेली चूक होते: एका केंद्रातल्या बायका एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या जातात. केंद्रामागे २० बायका आणि केंद्रांतर्गत सहसंबंध (एकाच केंद्रातल्या बायका एकमेकींसारख्या किती, याचं माप) ०.०५ असेल, तर नमुना जितक्या पट वाढवायचा तो गुणक १ + १९ × ०.०५ = १.९५. म्हणजे ४०० ऐवजी ७८० बायका. परवडत असेल तर केंद्रं वाढवा. एकाच केंद्रातल्या बायका वाढवून फार काही मिळत नाही.

खर्च काढताना महात्मा फुले योजनेचा पॅकेज दर म्हणजे खर्च, असं मानू देऊ नका. ती सरकारने ठरवलेली किंमत आहे. खर्च म्हणजे सिस्टरची मिनिटं, हातमोजे, औषधं, वीज, इमारतीचा वाटा.

तसंच जिल्हा रुग्णालयात मृत्यू जास्त दिसले म्हणून तिथली सेवा वाईट, असा निष्कर्ष आला तर तो परत पाठवा. गुंतागुंत झालेल्या बायका खालच्या केंद्रांतून तिथेच पाठवल्या जातात. बाई कुठून, किती वाजता, कोणत्या अवस्थेत आली, हे रेफरल चिठ्ठीवरून भरल्याशिवाय तुलना करायची नाही.

प्रबंधाचं पहिलं प्रकरण लिहून झालं की त्यातले निष्कर्ष मराठीत एका पानावर उतरवून सिस्टर इन्चार्जला द्या आणि तिच्यासमोर बसून वाचा. ज्या ओळीवर ती ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणेल, त्या ओळीचा डेटा पुन्हा काढून बघा.