बाथरूमच्या आरशात तोंडावर सावली पडायची, ती अशी घालवली

आमच्या बाथरूमला छताच्या मधोमध एकच एलईडी होता, आणि आरशासमोर उभं राहिलं की तो बरोबर डोक्याच्या मागे यायचा, त्यामुळे हनुवटीखाली काळोख. दाढी करताना जबड्याखालचे केस रोज राहून जायचे, बाहेर उजेडात आल्यावर हाताला लागायचे. आधी वाटलं बल्ब कमी वॅटचा आहे म्हणून मोठा लावला, तर सावली अजूनच गडद झाली, कारण प्रश्न उजेड किती याचा नव्हताच, तो येतो कुठून याचा होता.

मग आरशाच्या दोन्ही बाजूंना, साधारण डोळ्यांच्या उंचीवर, दुधी काचेचे दोन उभे लाइट लावून घेतले. दोन्हीकडून सारखा प्रकाश आला की एका बाजूची सावली दुसरी बाजू पुसते. खरंच सांगतो, पहिल्या दिवशी स्वतःचा चेहरा नीट दिसला तेव्हा फार बरं वाटलं!

उजेडाचा रंग ४००० केल्विनचा घेतला (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर), ६५०० चा पांढरा मला चेहऱ्यावर फार निळसर वाटतो. आणि बॉक्सवर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० च्या वर आहे ना ते बघाच, नाहीतर कातडीचा रंग फिका, आजारी दिसतो.

लाइटमध्ये पाणी-धूळ शिरण्यापासून किती बचाव आहे ते आयपी आकडा सांगतो; बेसिनजवळ आयपी ४४ चालतं, शॉवरच्या वर मात्र मी आयपी ६५ चाच लावला. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, ओल्या जागेत स्वतः हात घालू नका. छताचा जुना लाइट तसाच ठेवलाय, फरशी धुताना लागतो.